पोटातल्या बाळाला 'पीछे मुड'

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका शाळेत कवायत शिकवत असे. माझ्या शिट्टीवर चारशे पोरं एका वेळी मागे फिरत. त्यामुळे जगातलं काहीही आपल्या हुकमावर फिरतं, असा माझा समज झाला होता.

बायकोला आठवा महिना लागला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासून सांगितलं की बाळाचं डोकं अजून वरच आहे. अजून वेळ आहे, बहुतेक वळेल. चालत-फिरत राहा आणि पंधरा दिवसांनी दाखवायला या. मी परतीच्या रिक्षातच सगळा कार्यक्रम ठरवून टाकला.

बाळंतपणासाठी कामठीहून सासूबाई आल्या होत्या. त्यांचा उपाय साधा होता. पोरीनं रोज गुडघे टेकून हातानं फरशी पुसायची, जेवताना ताठ बसायचं, डाव्या कुशीवर झोपायचं. चारही लेकरांच्या वेळी त्यांनी हेच केलं होतं. मला ते फारच घरगुती वाटलं. मी वहीत तक्ता आखला. ओणवं व्हायचं, श्वास मोजत कंबर वर, कंबर खाली, आणि शेवटी बाळाला सूचना. ती अर्थात मीच देणार होतो. पहिल्याच दिवशी पोटाजवळ तोंड नेऊन खणखणीत "पीछे मुड" दिलंही. बाळाचं माहीत नाही, बायको दचकली. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आधी तुम्ही करून दाखवा."

मी सतरंजीवर ओणवा झालो. दोनदा नीट जमलं. तिसऱ्यांदा कंबर वर गेली ती तिथंच राहिली. उसण भरली होती. सासूबाई कणकेच्या हातांनी दारात येऊन बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.

"काहून अडकले, जावईबापू?"

व्यायाम चालू आहे, असं मी सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि एकटीनं मला पलंगावर आणून टाकलं.

आठ दिवस मी तिथंच होतो. सासूबाई तापवलेल्या विटेनं कंबर शेकून देत आणि बायको पलंगाच्या चारी बाजूंनी फरशी पुसत जाई. पुसता पुसता ती बाळाशी हळू आवाजात बोलायची. एकदा ऐकू आलं, "मले लय भेव वाटते रे." इतक्या दिवसांत मी तक्ता आखला होता, पण तुला भीती वाटते का, हे काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. तिनं फडका बादलीत टाकला आणि जरा वेळ माझ्या पायाशी बसली.

पंधरा दिवसांनी डोकं खाली आलेलं होतं. बहुतेक बाळं आपणहूनच वळतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ते घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, वळलं ना, मंग झालं.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. शाळेत बर्फी वाटताना मी माझ्या व्यायामाबद्दल जरा जास्तच बोललो असणार. कारण महिन्याभरात चित्रकलेचे मास्तर आपल्या बायकोला घेऊन घरी हजर. त्यांच्याही बाळाचं डोकं वर होतं. मी वही शोधायला उठलो.

"यायले काय विचारता ताई," मुलीला थोपटत बायको म्हणाली, "हे तर तवा पडून होते. आईले विचारा."

मी चहा ठेवायला आत गेलो.