न जेवणारा व्याही

माझे साडू आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. धुळ्यापासून जळगावपर्यंत इतका अखंड शुद्धीत वावरलेला दुसरा माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. हे आधीच सांगतो, कारण आमच्या नात्यागोत्यात आजही कुणी ‘धुळ्याचे साडू’ म्हटलं की दुसरा लगेच अंगठा तोंडाकडे नेऊन खूण करतो आणि सगळे हसतात. परवा एका लग्नात ज्या पोराने ही खूण केली, तो तर साडू वारले तेव्हा पाळण्यात होता. मला असा संताप आला की हातातली काठी उगारावी. पण उगारणार कुणावर? ही अफवा ज्याने पेरली तो माणूस त्याच मांडवात खुर्चीवर बसला होता, आणि काठी त्याच्याच हातात होती. म्हणून आता लिहितो.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक गोष्ट ते टायरच्या हिशेबाने पाहत. कुणाचं लग्न ठरलं की ‘जोडी बॅलन्स आहे’, कुणी आजारी पडलं की ‘हळूहळू हवा जातेय’. स्वतःबद्दल मला म्हणत, “नाना, देवाने मला बनवताना ट्रकची ट्यूब घातली, आणि वर स्कूटरचा शर्ट दिला.” ते खरंच होतं. एस.टी.त ते चढले की कंडक्टर न विचारता दोन जणांचं बाकडं मोकळं करून देई. दुकानात त्यांच्यासाठी लोखंडी खुर्ची मुद्दाम बनवून घेतली होती, तीही कुरकुरायची. आणि जेवण! वरण-बट्टीच्या पंगतीत ते बसले की वाढपी आपापसात कुजबुजत, पोरं भोवती गोळा होत, आणि यजमान स्वतः तुपाची किटली घेऊन येई. आमच्याकडे लोक त्यांना आमंत्रण देत ते पाहुणा म्हणून नव्हे, मांडवाला झालर लावावी तसं. ‘आमच्या पंगतीला धुळ्याचे साडू होते,’ असं सांगितलं की पंगत झाली असं लोक मानत. मला तेव्हाही त्या कौतुकाची चीड यायची, पण त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही दोन मांडे जास्त मिळत, म्हणून मी गप्प बसे.

पुढे गुडघे गेले, साखर निघाली, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ते घोरू लागले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईत कुणी डॉक्टर पोटाला आतून टाके घालून ते लहान करतो, असं त्यांना एका ट्रकमालकाकडून कळलं. आमच्याकडे कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. “उपास कर की!” सगळ्यांनी सुनावलं. “उपास केला तर पंगतीला तुम्हीच ओढाल,” साडू म्हणाले, दुकान भावाच्या ताब्यात दिलं आणि मुंबईला जाऊन पोट शिवून आले.

परत आले ते वेगळेच होऊन. मूठभर अन्नात पोट भरायचं, पण भरलं हे कळावं कसं, हाच त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न. जन्मात कधी पोट भरल्याचं त्यांना जाणवलंच नव्हतं. भांडं रिकामं झालं की जेवण संपलं, एवढंच माहीत. पहिले काही दिवस एक घास जास्त होई आणि सगळं बाहेर येई. मेहुणीला वाटे आपलंच वरण बिघडलं. ती रडे. एकदा तिने ‘ताकद यायला’ म्हणून गुपचूप वाटीभर तूप ओतलं, तर साडू संध्याकाळपर्यंत मोरीपाशी बसून. मग त्यांनी स्वतःवर असं लक्ष ठेवायला सुरुवात केली की दुकानातल्या कॉम्प्रेसरवरही कधी ठेवलं नसेल. शेवटी त्यांना खूण सापडली. पोट भरायच्या एक घास आधी त्यांच्या नाकातून पाणी यायचं, आणि दुर्लक्ष केलं तर पाठोपाठ उचकी. तो शोध लागला त्या दिवशी त्यांनी जळगावला मला ट्रंक कॉल केला. “नाना, गेज सापडला! जन्मभर गेजशिवाय हवा भरत होतो मी!”

त्या गेजचा त्यांना भलता अभिमान. रुमाल उजव्या गुडघ्यावर ठेवून जेवायला बसत. नाक ओलं झालं की रुमाल उचलत, “व्हॉल्व्ह बंद,” म्हणत, आणि हातातला घास, अगदी ओठांपाशी आलेला, शेजाऱ्याच्या ताटात ठेवून देत. शेजारी बहुतेक मीच असे. त्या वर्षात माझा पट्टा दोन भोकं पुढे गेला. जेवताना पाणी पीत नसत. अन्नाची आणि पाण्याची गाठ पडू द्यायची नाही असा त्यांचा नियम, त्यामुळे कुणाच्या घरी गेले की दारातच पाणी मागून पीत आणि मग ‘आता जरा थांबा’ म्हणून घरातल्या सगळ्यांना ताटांपुढे ताटकळत ठेवत. धाकट्या मुलीच्या भातुकलीतली पितळी थाळी त्यांनी मागून घेतली होती. ती शर्टाच्या खिशात असे. पंगतीत पत्रावळीवर ती छोटी थाळी मांडून एवढा मोठा माणूस बसला की लोक हसत. पण खरं सांगतो, तो माणूस तेव्हा पहिल्यांदा जेवायला शिकला होता. हिवाळ्यात आमच्याकडे मळ्यावर भरीत-भाकरीचा बेत होता. सगळे ओरपत होते. साडूंनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाले, “नाना, यात शेंगदाणे तळलेले आहेत. लहानपणापासून खातोय, आज कळलं.” मी म्हटलं, “मग इतकी वर्षं काय खात होतात?” तर म्हणाले, “लोकांचे डोळे.”

आता मला ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग आहे ती सांगतो. आमच्या लोकांनी त्यांना याची क्षमा केली नाही. जाड होते तेव्हा हसत होते ते लोक, बारीक झाल्यावर चिडले. ‘पैसे देऊन भूक कापून आला,’ म्हणायचे. आपल्याकडे पाहुण्याने थोडं खाल्लं म्हणजे त्याने घराला नाव ठेवलं. एरंडोलच्या एका लग्नात यजमानाने हट्टाने त्या पितळी थाळीवर अख्खी बट्टी आपटली; थाळी उलटली, वरण साडूंच्या धोतरावर. साडू म्हणाले, “ओव्हरलोड.” सगळे हसले. मीही हसलो.

जिच्या भातुकलीतली ती थाळी, त्याच धाकट्या मुलीचं स्थळ मी जमवलं होतं. अमळनेरजवळच्या खेड्यातलं मोठं एकत्र खटलं, मुलगा नोकरीला, माणसं मानी; साडूंच्या ऑपरेशनची बातमी तिकडे पोचलेली नव्हती. सुपारी फोडायला आम्ही मुलीलाही घेऊन जीपने निघालो. वाटेत साडू म्हणाले, “नाना, मी व्याह्यांना बसल्या बसल्याच सांगून टाकतो, पोट शिवलंय म्हणून. नंतर घोळ नको.”

“वेडे आहात का?” मी म्हटलं. “रोगट घराणं म्हणतील. पोरीतही खोट काढतील. एक दिवस रेटा की!”

“रेटता येत नाही हो. ट्यूब लहान आहे.”

“माझ्या शब्दावर ते सोयरीक करताहेत, साडूभाऊ. माझी लाज राखा.” आणि मी त्यांच्या खिशातली थाळी काढून माझ्या पिशवीत टाकली. उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या घरची रीत अशी की मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला आपल्या हाताने वाढायचं आणि त्याने ते संपवायचं. व्याह्यांनी ताटात दोन बट्ट्या चुरल्या, त्यावर वरण, त्यावर तूप, बाजूला घोटलेल्या वांग्यांचा डोंगर. “ल्या व्याही,” म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. साडू हळूहळू खाऊ लागले. थोड्याच वेळात नाक ओलं झालेलं मी पाहिलं. त्यांनी रुमाल उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

“आमना घरनं तूप आवडनं नही का तुमले?” व्याही म्हणाले.

“छे छे, फार छान आहे,” साडू म्हणाले आणि घास घेतला. उचकी लागली. व्याह्यांचे थोरले भाऊ तिसरी बट्टी घेऊन आले. “बारीक व्हयी गयात तुम्ही. जेवा ना भाऊ, तुम्ही पोरगीना बाप शेत!” ओसरीवरचे लोक माना लांब करून पाहत होते. दाराआड मुलगी उभी होती. तिला सगळं माहीत होतं, पण नव्या घरात बोलणार काय? साडूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिसरी बट्टी मोडली.

पुढचं सांगायला नको. ते उठले, अंगणापर्यंत पोचू शकले नाहीत. ओसरीच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, व्याह्यांच्या नव्या जोड्यावर. सोयरीक जुळायच्या दिवशी, घरचं अन्न. व्याह्यांचा चेहरा काळा पडला. थोरले भाऊ म्हणाले, “पोरगी देनी नसंल तं सरळ सांगा.”

एका वाक्याचं काम होतं. ‘ऑपरेशन झालंय’, बस्स. पण सकाळपासून ते लपवून बसलेला मी. आता बोललो असतो तर खोटा मीच ठरलो असतो. मी उठलो, हसलो, आणि म्हणालो, “काही नाही हो. आनंदाचा दिवस, सकाळी जरा जास्त घेतली त्यांनी.”

आणि वाचकहो, त्या ओसरीवरचे सगळे चेहरे मोकळे झाले! व्याही खदखदून हसले. त्यांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली. “मंग पहिले सांगतात ना! आमनाकडे बी व्हती!” कुणी लिंबू आणलं, कुणी बाज टाकली. पिणारा व्याही त्यांना चालत होता. न जेवणारा चालत नव्हता. अशी आमची माणसं, आणि त्यांच्यातला सर्वांत शहाणा मी. चूळ भरता भरता साडूंनी हे ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तोंड पुसून हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं माझं व्याही. पोरीला त्याचा बोल लावू नका.”

लग्न थाटात झालं. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा लेकीकडे गेले तेव्हा व्याह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पुढे केली. ‘सोडली’ म्हटलं की व्याही सगळ्यांना बोलावून सांगत, पाहा, सोडली! कमी जेवले की बायका म्हणत, पिणाऱ्याला भूक कुठली. साडू मला म्हणायचे, “नाना, न लागलेली सोडणारा मी पहिलाच.” एवढाच एक विनोद ते पुन्हा पुन्हा करत. नातवाच्या बारशाला मात्र विहीणबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं नाही. “राहू द्या, हात कापत असतील,” म्हणाल्या. ज्या हातांनी तो माणूस ट्रकचा टायर एकट्याने रिमवर चढवायचा, ते हात त्याने मांडीखाली घातले आणि दुरून बाळाला चुटक्या वाजवल्या. मी तिथेच होतो. तेव्हाही बोललो नाही. आता बाळाच्या आत्यांनो, काकांनो, अंगठा तोंडाकडे नेणाऱ्या पोरांनो, ऐका: त्या माणसाच्या पोटात त्या दिवशी तीन बट्ट्या होत्या आणि त्यातली शेवटची मी घातलेली होती.

ते वारले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात जळगावला आमच्याकडे आले होते. दोघंच जेवायला बसलो होतो. बायकोने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. बाहेर ऊन होतं. मनाशी पुष्कळ दिवस ठरवलेलं मी एकदम म्हणून टाकलं, “साडूभाऊ, अमळनेरला जाऊन मी सगळं खरं सांगून येतो.” त्यांनी नुकताच घास तोंडात घेतला होता. त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. चावत असताना ते बोलत नसत. मी थांबलो. ते चावत राहिले, सावकाश, अगदी मनापासून, नजर अंगणातल्या उन्हावर. इतका वेळ गेला की माझा धीर सुटत गेला. घास गिळल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं, “काय म्हणत होतात नाना?”

“काही नाही,” मी म्हटलं. “मीठ बरोबर आहे का?”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “अगदी बरोबर.”