खांड पडली तेव्हा सेकंड शिफ्ट होती

आमचं गाव खाडीला लागून. भरतीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा एक लांब बांध, आणि त्याच्या आड सगळ्यांची शेतं. बांध फुटला की त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली अशी हाक आली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन पळायचा. ताटावर असेल तर ताट सोडून, मांडवात असेल तर मांडव सोडून. जो येत नसे त्याच्या घरी पुढे कोणी हळदीला जात नसे, म्हणून सगळे येत.

मग कारखाने आले. पनवेलच्या आसपास इतके आले की कुठल्या कंपनीत काय बनतं हे मला अजून माहीत नाही. गावातली पोरं कामाला लागली, घरं पक्की झाली. चांगलंच झालं. जुन्या कुडाच्या घरांसाठी मला रडू येत नाही, पावसात त्यात झोप लागत नसे.

त्या वर्षी लावणी होऊन भाताने मूळ धरलं होतं. अमावास्येच्या उधाणाला, दुपार कलल्यावर, माझ्या शेतासमोरच खांड पडली. ओहोटीत ती बुजवायची, नाहीतर पुढच्या भरतीत भात गेलंच. नवरा आधीच वारला होता, मुलगा कंपनीत. मी हाका मारत गाव फिरले. दारांत नुसत्या बायका.

शेजारीण म्हणाली, "काकी, ह्यांची सेकंड शिफ्ट हाय. अकराला सुटतील."

"अकराला पानी परत चढल. तवा काय आंघोळीला येतील?"

"माझ्यावर कशाला चिडता? मी येते ना, चला."

बायका उतरल्या, पण पाण्याची ओढ अशी की टाकलेला चिखल टिकेना. मी रिक्षा केली आणि कंपनीच्या गेटावर गेले.

वॉचमन म्हणाला, "अम्मा, गेटपास के बिना कोई बाहर नहीं आएगा."

"मग दे गेटपास."

"मैं नहीं, साहब देगा. साहब मीटिंग में है."

त्याच्याशी वाद घालण्यात ओहोटी संपली असती. मी गेटाचे गज धरले आणि बांधावर देतात तशी हाक दिली, "खांड पडली रेऽऽ!"

चहाची वेळ होती, गावातली पोरं आवारातच होती. मुलगा धावत आला. "आये, काय ओरडतंस? माझी मशीन चालू हाय!"

"मंग बस मशीनजवल. भात जाऊ दे."

त्याने हातमोजे काढले, वॉचमनच्या टेबलावर ठेवले आणि छोट्या दारातून बाहेर आला. त्याच्यामागे गावातले बाकीचेही आले. अंधार पडायच्या आत खांड बुजली.

बांधाला गेलो म्हटल्यावर कोण काय बोलेल, असं त्यांना वाटलं. मयताला गेलेल्या माणसाला कोणी बोलतं का? आमच्यात ही गोष्ट तशीच. सांगून जावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे बोलणी खाऊन आत गेले. माझ्या मुलाची मशीन चालू राहून माल खराब झाला होता. त्याला गेटावरूनच परत पाठवलं.

सून म्हणाली, "भात वाचलं ना, आई? आता पोरीच्या शाळेतही तेच भरा."

"भरीन," मी म्हटलं. ती पोरीला घेऊन माहेरी सुकापूरला गेली, ती गणपतीलाच परतली.

मुलाला घरात बसवेना. पडवीतून रस्त्यावर, रस्त्यावरून पडवीत. त्याला बघून मलाही एका जागी थांबवेना. भात कापलं, झोडलं, पोती घरात आली. चांगलं पिकलं असं दोघांपैकी कोणी म्हटलं नाही. पुढे त्याला कोन गावातल्या एका गोडाऊनमध्ये काम मिळालं. तिथेही शिफ्टच.

पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा फुटला. तोवर आजूबाजूच्यांनी जमिनी बिल्डरला दिल्या होत्या, आत भात फक्त माझंच होतं. पाणी शिरताना मीच पाहिलं. बांधावर जरा वेळ उभी राहिले, इकडून तिकडे गेले, परत आले, आणि मग घरी येऊन चूल पेटवली. आता त्या शेतात तिवरं माजली आहेत.

मुलगा अजून विचारतो, "आये, तू तर तिथंच होतीस. हाक का नाय दिलीस?"

"तुजी शिफ्ट होती."

"मी आलो असतो."

"म्हनूनच नाय दिली."