उकळलेलं विरजण

अर्धा दिवस मी घसा कोरडा करून सांगत होते की यात माझा काही दोष नाही, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरीनं नाही, जावेनं तर नाहीच. म्हशीला बोलता येत नाही म्हणून, नाहीतर तीही त्यांच्याच बाजूनं बोलली असती. आता चहा पिताच आहात तर ऐका. पण माझी बाजू घ्यायची घाई करू नका.

मुठा खोऱ्यात आमचं गाव. आजूबाजूला सगळे बंगले झाले, आमच्या दारात अजून दोन म्हशी आहेत. शनिवार-रविवारी बंगल्यांत माणसं येतात, त्यांना शेवंताबाईचं, म्हणजे माझं, दही जातं. भूगावच्या फ्लॅटमध्येही नवरा गाडीवरून पोचवतो. दही असं लागतं की मडकं उलटं धरलं तरी पडत नाही. एका गिऱ्हाइकाला हे खोटं वाटलं, तर मी त्याच्या सोफ्यावरच मडकं उलटं धरलं. दही पडलं नाही. गिऱ्हाईकच दचकून उभं राहिलं.

यात मोठेपणा म्हशीचा नाही, विरजणाचा. लग्न होऊन आले तेव्हा आईनं कासारसाईहून छोट्या किटलीत घालून दिलेलं विरजण. तेच आजवर चालू आहे. दही लागलं की पहिली वाटी काढून ठेवायची, तिनं दुसऱ्या दिवशीचं लावायचं. बाळंतपण झालं, सुतक आलं, कधी खंड पडू दिला नाही. भिंतीपलीकडं धाकटी जाऊ राहते, पारू. गेल्या उन्हाळ्यात तिची म्हैस आटली, विरजणही गेलं, म्हैस पुन्हा व्याली तेव्हा ती वाटी घेऊन दारात आली होती. गोठ्याच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. मी वाटी भरून दिली, पण सोडलं नाही. म्हटलं, "विरजण सांभाळता येत न्हाई, तर दारात म्हस कशाला बांधावी मानसानं?" हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

तर झालं असं. माझी पोरगी कोमल आठवीत आहे. तिच्या विज्ञानाच्या मॅडमनी सांगितलं, घरून थोडं थोडं दही आणा. ही डबीत आमचं विरजण घेऊन गेली. संध्याकाळी आली ती उड्या मारतच.

"आई, आपल्या दह्यात लई जिवाणू निघाले. वर्गात सगळ्यात जास्त. मॅडमनी सगळ्यांना दाखवले."

माझ्या हातातली वैरण खाली पडली. सगळ्यांना दाखवले? त्या वर्गात अर्ध्या गावाची पोरं. उद्या बंगल्यांत काम करणाऱ्या बाया मालकिणींना सांगणार, हिच्या दह्यात किडे निघाले. कोमल काहीतरी समजावत होती, जिवाणू चांगले असतात वगैरे. मी म्हटलं, चांगले असते तर दिसले असते. लपून कशाला राहिले असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून सरळ शाळेत. मॅडम पुण्याच्या, वयानं लहान. मी जे सुरू केलं ते दहा मिनिटं थांबले नाही. त्या मधेमधे "अहो, पण" म्हणत होत्या, पण मी बोलायला लागले की समोरच्याला जागा मिळत नाही, हे माझं आधीपासूनचं आहे. शेवटी त्यांनी मला दंडाला धरून टेबलाकडं नेलं आणि कोमल ज्याला सूक्ष्मदर्शक म्हणते त्या नळकांड्याला डोळा लावायला सांगितलं.

लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग निळ्या रंगात बारीक बारीक काड्या दिसल्या. ढिगानं. डोळा पुसून परत लावला, तरी तेवढ्याच. एवढी वर्षं हे मी लोकांना वाढत होते.

मॅडम खुशीत होत्या. म्हणाल्या, "हे सगळे सजीव आहेत. दुधातली साखर खातात, वाढतात, एकाचे दोन होतात. तुमचं विरजण फारच छान आहे."

मी एवढंच विचारलं, "आन् मरत्यात कशानं?"

"उकळलं की मरतात," त्या म्हणाल्या, आणि तास संपल्याची घंटा झाली.

मला पाहिजे ते मिळालं होतं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. इथं थांबले असते तर आज तुमच्यापुढं सांगायला काही नसतं.

त्या रविवारी ओढ्याकाठच्या बंगल्यात वास्तुशांत होती. माणसं बरीच येणार, जेवणाला मठ्ठा, आणि दही सगळं माझं. बाईंचा फोन आलेला, "मावशी, तुमचंच हं. सासूबाई बाहेरचं तोंडाला लावत नाहीत." बंगल्यांची ती अख्खी ओळ तिथं जेवायला येणार होती. दही चाललं तर सगळी ओळ माझी, बिघडलं तर सगळी गेली.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी हे काम स्वच्छ करायचं ठरवलं. दूध तापवलं, कोमट केलं, मोठ्या डब्यांत ओतलं. मग विरजणाची वाटी, आणि दुसरी राखून ठेवलेली होती ती पण, दोन्ही पातेल्यात घालून गॅसवर ठेवली. विरजण फुटलं, पाणी वेगळं आणि गुठळ्या वेगळ्या झाल्या. मी खळखळ उकळी येऊ दिली. गार केलं, घुसळलं आणि घातलं दुधात. विरजणाच्या वाट्या कढत पाण्यानं धुतल्या. एक जीव मागं ठेवला नाही.

कोमल दारात उभी. "आई, विरजण उकळायचं नसतं."

"तुझी मॅडमच म्हनली."

"मॅडम म्हणाल्या की उकळल्यावर मरतात. मारा असं न्हाई म्हणाल्या."

मी तिला म्हशीला पाणी दाखवायला पाठवलं.

शनिवारी सकाळी डब्याचं झाकण काढलं. डबा जरा हलवला. दूध डुचमळलं. दुसरा डबा, तिसरा डबा. कालचं दूध आजही दूधच. वर थोडी आंबट गुठळी तरंगत होती, बाकी काही नाही.

आता दोष कुणाचा? आधी म्हशीचा, चंद्रीचा. पेंड बदलली म्हणून. मग नवऱ्याचा, पेंड त्यानं बदलली म्हणून. तो दाढी करत होता. म्हणाला, "पेंड बदलून महिना झाला. काल नवीन काय केलंस ते सांग." मी म्हटलं, काही नाही. मग हवेचा. हवा बरी होती. मग मला आठवलं की काल मी दूध ओतताना पारू भिंतीवरून बघत होती.

गेले तिच्या दारात. माझ्या दुधाला नजर लावलीस, मठ्ठ्याची ऑर्डर तुला बघवली नाही, गोठ्याचं पाणी, म्हशीचं आटणं, सगळं काढलं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. एवढंच म्हणाली, "तुमच्या दुधाकडं बघायला मला येळ कुटं हाय, आक्का?"

दुपारपर्यंत मी सगळे उपाय केले. मिरच्यांची देठं टाकली. डब्यांना गोधड्या गुंडाळल्या. दुकानातून पिशवीतलं दही आणून एका पातेल्यात थोडं लावून बघितलं, तर चमच्याला तार यायला लागली. ते सासूबाईंना वाढलं असतं तर वास्तुशांतीतली शांतता तिथंच संपली असती.

कोमल शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आई, दही तेच लावतात. त्या काड्या. दूध खाऊन आंबट करतात, मग दही लागतं. आपले सगळे तू मारलेस. पण काकीकडं असतील. आपल्यातलेच गेलेत ना तिकडं."

मी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. असं आमच्या घरात सहसा होत नाही.

नवीन दूध संध्याकाळी मिळणार होतं. त्याआधी वाटी घेऊन जायचं होतं. चार पावलांवरचं दार, पण तिथवर जायला मला वेळ लागला. सकाळी ज्या दारात ओरडले, त्याच दारात उभी. पारूनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाली, "विरजण सांभाळता येत न्हाई, तर दारात म्हस कशाला बांधावी मानसानं?"

एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता. वर्षभर जपून ठेवलं होतं तिनं, विरजणही आणि वाक्यही.

मी मान खाली घातली. तिनं वाटी काठोकाठ भरली. मी बोट बुडवून चाखलं. माझ्या आईच्या घरची चव होती. पारूनं पदराला हात पुसला आणि म्हणाली, "माज्याबी म्हशीचं घिऊन जा सांजच्याला. तुमचं एकलीचं पुरायचं न्हाई. आन् उकळू नगा."

म्हणजे हिलाही कळलं होतं. कोमलच्या पोटात काही राहत नाही.

रविवारी सकाळी झाकण काढायच्या आधी मी देवाचं नाव घेतलं. दही लागलं होतं. डबा उलटा धरला, थेंब पडला नाही. मठ्ठा झाला, सासूबाईंनी दोनदा मागितला, बंगल्यांची ओळ माझ्याकडं राहिली. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मंगळवारी कोमल वही घेऊन आली. हा सगळा प्रकार तिनं विज्ञानाचा प्रयोग म्हणून लिहिला होता, आणि मॅडमनी त्याला शेरा दिला होता, वर्गात वाचून दाखवा. माझं शिक्षण चौथी. बोट ठेवून वाचलं. साहित्य, तीन डबे दूध. कृती, विरजण खळखळ उकळणे. निरीक्षण, दही लागले नाही. अनुमान, सजीव मेले की त्यांचे काम थांबते. त्याखाली होतं, चूक कोणाकडून झाली. पुढं जागा मोकळी.

"इथं काय लिहू?" तिनं विचारलं. "म्हस लिहू का काकी?"

नवरा पेपरात तोंड घालून हसत होता. भिंतीपलीकडं पारूचं भांडं घासणंही थांबलं होतं.

मी म्हटलं, पेन आण. आणि चौथीत शिकवलं होतं तसं, एक एक अक्षर ओढत मी स्वतः लिहिलं: शेवंता.