परवानगी अडकली तोवर

बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी सकाळचा चऱ्होलीतल्या ऑनलाइनच्या दुकानात जाऊन बसतो. बांधकामाची परवानगी कुठवर आली ते तिथं कंप्युटरवर कळतं. माणसं येतात, बघतात, सरकारला शिव्या घालून जातात.

एकजण मात्र निराळा होता. मराठवाड्याकडचा. चाकणच्या कंपनीतून शिफ्ट सुटली की तसाच यायचा. देवळात आल्यागत बूट दाराबाहेर काढायचा आणि डबा छातीशी धरून उभा राहायचा. पडद्यावर 'प्रलंबित' दिसलं की कपाळ पुसून हसायचा.

एकदा मी म्हणालो, "येडा का काय तू? काम अडकलं तर हसतोस?"

"काका, काम बिल्डरचं हाय. माझ्या दोन खोल्या नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेल्या. त्याच्या नकाशात तिथनंच रस्ता जातोय. त्याचं अडकलंय तवर माझी लेकरं घरात हायत."

परवा तो आला. दुकानदारानं बिल्डरच्या अर्जाचा नंबर टाकला आणि रोजच्या सवयीनं बोलून गेला, "झालं मंजूर. पेढे काढा, भाऊ."

मग आपण काय बोललो ते दुकानदाराला उमगलं. तो मान खाली घालून बसला.

"परत एकदा बघा की," तो माणूस हळूच म्हणाला.

दुकानदारानं परत नंबर टाकला. तेच आलं.

बायको गेली असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. त्या बिचाऱ्यानंही परत बघितलं होतं.