सालीखालचं हिरवं

माझे सासरे फौजेतून घरी आले ते एक लोखंडी ट्रंक आणि एक वीतभर उंचीचं झाड घेऊन. ट्रंकेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. झाडावरून मात्र आमच्या इस्लामपूरच्या घरात, मी सून म्हणून यायच्या आधीपासून, धुसफूस चालू होती.

उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड छावणीत साहेबाच्या बंगल्याभोवती बॉक्सवुडचं कुंपण होतं. त्यातल्या बुटक्या जातीची एक फांदी त्यांनी तिथल्या माळ्याच्या मदतीने जगवली होती. घरात सगळे त्याला बाक्साचं झाड म्हणत. वय वीस वर्षं, खोड अंगठ्याएवढं, पानं करंगळीच्या नखाएवढी. आमची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून त्याला चालत नसे. मग मामंजी कृष्णेची वाळू, विटांचा चुरा आणि कुजलेला पाला चाळून घेत आणि तळाला भोक पाडलेल्या मातीच्या परळात ते लावत. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार फांद्यांना गुंडाळून त्यांना वळण देत. दर रविवारी ओसरीच्या सावलीतल्या कोपऱ्यात मांडी घालून छोट्या कात्रीने शेंडे छाटत बसत. उन्हं तापली की त्या पानांना वास सुटायचा.

"लोकं गुलाब लावत्यात, आमच्या ह्यांनी मांजराच्या मुताचं झाड लावलंय," सासूबाई म्हणायच्या. मामंजी मिशीत हसायचे आणि कात्री चालू ठेवायचे.

मला ते त्या झाडाबद्दल सांगत, कारण दुसरं कुणी ऐकत नसे. एकदा दुसरी एक फांदी लावलेली कुंडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पानं हिरवीगार होती.

"कसं वाटतंय?"

"चांगलंय की, मामंजी."

"मेलंय ते." त्यांनी उजव्या अंगठ्याच्या नखाने खोडावर बारीकसं खरवडलं. सालीखाली कोरडा तपकिरी रंग निघाला. "ह्या झाडाचं पान लय खोटं बोलतं, पोरी. मुळं जळून महिना-दोन महिनं झालं तरी पान हिरवंच. पानावर जायाचं न्हाई. साल खरवडायची. आत हिरवं निघालं तर जित्तं."

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. नवस झाले, उपास झाले, सांगलीच्या डॉक्टरीणबाई झाल्या. मग शेजारची एक म्हातारी ओसरीवर बसून झाडाकडे बोट दाखवत म्हणाली, "दारात खुंटवल्यालं झाड ठिवलंय, घर कसं वाढंल गं?" सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. मी वरवर हसले. मॅट्रिक झालेली बाई मी, असल्या गोष्टींना भीक घालणार नव्हते. पण रविवारी कात्रीचा आवाज यायला लागला की माझ्या ओटीपोटात काहीतरी आवळायला लागलं. तारेने आवळलेल्या त्या फांद्या बघवेनात.

त्या मार्गशीर्षात मी भांडी घासत असताना सासूबाईंना माझ्या नवऱ्याला सांगताना ऐकलं, "कवठ्याची पोरगी हाय. गरिबाची हाय, कुरकुरणार न्हाई. हिलाबी ठिवू की घरात, हाकलतंय कोण?" नवरा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तो काहीच म्हणाला नसावा, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दोन दिवसांनी मामंजी कवठे महांकाळला एका लग्नाला गेले. लग्नाला की त्या पोरीला बघायला, हे मला कुणी सांगितलं नाही. सासूबाई देवळात होत्या. मी न्हाणीतल्या बंबातलं उकळतं पाणी तांब्यात घेतलं आणि ओसरीवर आले. पानांना थेंबही लागू दिला नाही. खोडाच्या बुडाशी, चारही बाजूंनी, सावकाश ओतलं. दोन तांबे. मातीतून वाफ आली, भोकातून गढूळ पाणी गळलं. ते मी फडक्याने पुसून घेतलं. हात जराही थरथरला नाही, हे आठवलं की आजही मला माझी भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी झाड हिरवंच होतं. आठवड्यानेही. रविवारी मामंजी कात्री घेऊन बसले आणि मी आतून बघत राहिले. काहीच झालं नाही.

आणि पौषात माझी पाळी चुकली.

घराचा रंगच पालटला. कवठ्याच्या पोरीचं नाव निघेनासं झालं. सासूबाई मला उंबऱ्यावर बसू देईनात, जड उचलू देईनात. आणि एका सकाळी बघते तर त्यांनी बाक्साच्या झाडाला हळदीकुंकू वाहिलं होतं. "उगंच बोल लावला बिचाऱ्याला," त्या म्हणाल्या. "त्याच्या सावलीतच दिवस गेलं तुला. आता त्याला काय हू द्यायचं न्हाई. त्याला काय झालं म्हंजी..." पुढचं त्यांनी जिभेवर येऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून मी दिवसातून दहा वेळा झाडाकडे बघायला लागले. पानांची चकाकी जात होती का? की माझ्या डोळ्यांना तसं वाटत होतं? माघात आवारातला कडुनिंब पानं गाळायला लागला, दारची जास्वंद फुटली. बाक्साला एकही कोंब नव्हता. तरी मामंजी दर रविवारी बसतच होते. कात्रीचा आवाज नेहमीसारखा यायचा. नंतर मी ओसरी झाडायला गेले की खाली एकही पान, एकही शेंडा नसायचा. ते हवेत कात्री चालवत होते.

मग एकदा परळ उचलून खालची जागा पुसताना मला खोडाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, नखाची खूण दिसली. तांदळाएवढी साल निघालेली. आत कोरडं, तपकिरी. ती खूण ताजी नव्हती, तिच्यावर धूळ बसली होती.

म्हणजे त्यांना कधीपासूनच माहीत होतं, आणि हे कुणी केलं तेही; ह्या झाडाचं पान खोटं बोलतं हे त्यांनी एकट्या मलाच सांगितलं होतं. मी वाट बघत राहिले, आज बोलतील, उद्या बोलतील. ते जेवायला बसले की माझ्या हातून भाकरी ताटाबाहेर पडायची. ते फक्त म्हणायचे, "सावकास, पोरी." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते.

शिमग्याच्या सुमारास झाडाच्या एका बाजूची पानं गवतासारखी पिवळट झाली. सासूबाईंची नजर आता कमी होती, पण आंधळ्या नव्हत्या त्या. एका पहाटे मामंजींनी परळ ओल्या गोणपाटात गुंडाळला, सांगलीची एसटी धरली आणि संध्याकाळी मोकळ्या हाताने परत आले.

"कुटं हाय झाड?" सासूबाईंनी विचारलं.

"फौजेतल्या मैतराला दिलं. लय दिवस मागत हुता."

"पोर हुस्तवर दम न्हाई निघाला?" सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मामंजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सांगलीत त्यांचा कुणी मित्र असल्याचं मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी ऐकलं नाही. कृष्णेचा घाट मात्र स्टँडपासून लांब नाही.

सातव्या महिन्यात मला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला नेलं. आई म्हणायची, चेहरा किती टवटवीत आहे. शेजारणी म्हणायच्या, तेज आलंय. प्रत्येक कौतुकाबरोबर मी आरशाकडे पाठ फिरवायची, कारण वरची टवटवी किती खोटी असू शकते हे मी त्यांच्याहून चांगलं जाणत होते. पोर पोटात हललं नाही की मी कुशीवर वळून वाट बघायची. त्या श्रावणात कधी हललं होतं, किती वेळा हललं होतं, एवढंच मला आठवतं. सण आले गेले. मी मुळाशी उकळतं पाणी ओतलं होतं. त्याची भरपाई कुठून होणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

भाद्रपदात मुलगी झाली. एवढीशी, वीत-दीड वीत वाटावी अशी. जन्मल्यावर रडली नाही. सुईणीने पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी म्हणाली आणि झोपली. पुढचे तीन दिवस ती झोपूनच होती. अंगावर पीत नव्हती. रंग छान गुलाबी, ओठ लाल. बघणारे म्हणायचे, गुणाची आहे, त्रास देत नाही. मी मात्र तिच्याकडे बघून डोळे सुजेपर्यंत रडत होते.

चौथ्या दिवशी मामंजी एकटेच आले. सुयेर होतं, दहा दिवस पुरुषांनी, त्यातून सासरच्या वडीलधाऱ्यांनी, बाळंतिणीच्या खोलीत येऊ नये असा आमच्यात रिवाज. आई दारात आडवी उभी राहिली. "आवं, अजून पाचवीसुदिक पुजली न्हाई. शिवू नगा."

"बघतो नि जातो," म्हणत ते आत आले आणि बाजेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, ओसरीवर बसायचे तसेच. दुपट्यातून पोरीचा पाय त्यांनी बाहेर काढला. त्यांच्या तळहातावर तो बोटाएवढा दिसत होता. मग त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख तळपायाला लावलं आणि टाचेपासून वर बारीकसं खरवडलं.

मी बाजेवर उठून बसले.

पाय झटक्याने मागे गेला. पोरीने तोंड वासलं, लालबुंद झाली आणि घर डोक्यावर घेईल असा टाहो फोडला. आई धावत आली, मी तिला उचलून छातीशी धरलं, आणि ती पहिल्यांदा ओढून प्यायला लागली.

मामंजींनी तेव्हा, त्या मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आत हिरवं हाय, पोरी," ते म्हणाले. "आता रडू नगंस."