नऊ नंबरची किल्ली

माझी धाकटी मुलगी गोदामात गाड्या दुरुस्त करते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोठा ट्रक उभा राहतो. तसं नाही. या गाड्या जेमतेम माझ्या कमरेएवढ्या. पुढे जमिनीलगत दोन लांब लोखंडी काटे, मागे बॅटरीची पेटी आणि त्या पेटीपासून वर आलेला एक दांडा. काटे माल रचलेल्या लाकडी पॅलेटखाली सरकवायचे, बटण दाबून पॅलेट चार बोटं उचलायचं, दांडा हातात धरायचा आणि चालू लागायचं. दीड टन माल मागून निमूटपणे येतो. 'निमूटपणे' हा तिचा शब्द. मला त्याचीच भीती वाटते. आवाज करत येणाऱ्या वस्तूपासून माणूस निदान बाजूला तरी होतो.

ती सव्वीस वर्षांची आहे. वीजकामाचा डिप्लोमा झाल्यावर आधी एका लिफ्टच्या कंपनीत लागली होती, पण तिथे तिला फोनवर बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकायचे आणि ही त्यांना 'घाबरू नका' म्हणायची. वर्षभराने म्हणाली, "आई, मला बोलायचं नाहीये, पाना धरायचाय." तिचे बाबा म्हणाले, "धरू दे." मी म्हणाले, बोटं मोजून घ्या आधी. दोघंही हसले.

गोदामात दुरुस्तीला ती पहिलीच बाई. गाड्या अकरा. सकाळी माल हलायच्या आधी प्रत्येक गाडीभोवती तिची फेरी असते. काटे जिथे वळतात तिथे तडा गेलाय का, चाकाच्या आसाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळली गेलीय का, हॉर्न वाजतो का, दांडा सोडल्यावर उभा राहतो का आणि ब्रेक लागतो का. एवढं पाहिल्याशिवाय गाडी सोडत नाही. मालाचे लोक तोवर घड्याळाकडे बघत उभे. त्यांनी तिचं नाव ठेवलं ब्रेकबाई. घरी येऊन तिने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. मला मात्र वाटलं, ज्या माणसामुळे काम थांबतं, त्याच्यावर लोक किती दिवस हसतील?

बॅटरीत पाणी घालायचं कामही तिचंच. चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घालायचं, आधी नाही. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, खोलीची खिडकी उघडी. हे सगळं ती पाळते. तरी तिच्या तीन पँटींना गुडघ्याजवळ बारीक भोकं पडली आहेत आणि माझ्या स्वयंपाकघरातला खायचा सोडा महिन्यातून दोनदा संपतो. ॲसिड सांडलं की त्यावर टाकायला नेते. "अगं, कंपनी देत नाही का सोडा?" मी विचारलं. "देते. पण तो संपला की दुसरा यायला पंधरा दिवस लागतात. ॲसिड पंधरा दिवस थांबत नाही."

एकदा ती गाडीचं माहितीपुस्तक घरी घेऊन आली. ती कामावर गेल्यावर मी ते वाचून काढलं, एकदा नाही, तीनदा. त्यात चित्रं आहेत. एक बिनचेहऱ्याचा काळा माणूस आहे आणि तो पानापानावर चिरडला जातो. कधी भिंत आणि दांडा यांच्यामध्ये, कधी काट्यांखाली पाय, कधी उतारावर गाडी अंगावर. शेवटच्या पानापर्यंत त्याची सुटका नाही. त्यानंतर ती संध्याकाळी दारात आली की मी आधी तिच्या पायांकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. तिला कधीच भीती वाटली नाही. लहानपणीसुद्धा उंचावरून उडी मारताना ती खाली बघायची नाही. तिच्या वाट्याची भीती मीच वाहत आले आहे असं मला नेहमी वाटायचं.

गेल्या महिन्यातल्या त्या दिवशी ती साडेसहाला आली. मी भाजी चिरत होते, हे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. तिने टेबलावर एक किल्ली टाकली. किल्लीला पिवळी प्लास्टिकची चकती, तिच्यावर नऊ.

"हे काय घरी आणलंस?"

"नऊ नंबर बंद केली आज. दांडा वर न्यायची स्प्रिंग गेलीय. सोडला की उभाच राहत नाही, मध्येच तिरका लोंबकळतो. आणि जुनी गाडी आहे ती, दांडा उभा राहिल्याशिवाय तिचा ब्रेक लागत नाही."

"म्हणजे हात सोडला तरी ती..."

"सपाटीवर थांबते गं. उतारावर नाही थांबणार. लाल चिठ्ठी बांधलीय दांड्याला. पण चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवतो? म्हणून किल्लीच घेऊन आले." ती अगदी खुशीत होती. "आता करा म्हणावं चालू."

"दुसरी किल्ली नसेल ना कुणाकडे?"

"प्रत्येक गाडीची एकच. नंबर असतो ना वर."

हे कोड्यातून मान वर न करता म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या कपाटांनाही नंबर होते. बारा कपाटं, बारा किल्ल्या. कुठलीही किल्ली कुठल्याही कपाटाला लागायची. साहेबांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही."

ते हसले. मीही हसणार होते. पण ती हसली नाही. तिने किल्ली उचलली, उजेडात धरली, चकती बाजूला करून पात्यावर कोरलेला बारीक आकडा वाचला. मग मोबाइल काढला. किल्ल्यांच्या बोर्डाचा फोटो तिने नोंदीसाठी काढून ठेवला होता. तो तिने दोन बोटांनी मोठा केला. एक किल्ली पाहिली. दुसरी पाहिली. तिसरीपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"सगळ्यांवर एकच आकडा आहे," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "आई, मी प्लग काढला नाही."

बॅटरी आणि गाडी यांना जोडणारा एक जाडजूड प्लग असतो. तो ओढून काढला की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. दुसरी कुठलीही किल्ली घाला, फिरवा, काही होत नाही. बंद गाडीचा आधी प्लग काढायचा, हे पुस्तकात ठळक अक्षरात आहे. मी तीनदा वाचलं होतं. तिने तर परीक्षेत लिहिलं होतं. किल्ली खिशात आहे या भरवशावर तिने ते सोडून दिलं.

तिने मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला. कामावर सगळ्यांचे फोन कपाटात ठेवलेले असतात. मग गेटवर लावला. पहारेकऱ्याने उचलला. "निरोप देतो ना मॅडम, पण गेट सोडता येत नाही. बाहेर दोन ट्रक उभे आहेत. कुणी आत जाताना दिसला की सांगतो."

"आता सांगा! नऊ नंबरला हात लावू नका म्हणावं!"

"हो हो. नऊ नंबर. सांगतो."

फोन ठेवल्याचा आवाज आला. ती स्कूटरची किल्ली शोधत होती आणि किल्ली तिच्या हातातच होती. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि तिच्या मागे जाऊन बसले. मी जाऊन काय करणार होते, ते मला विचारू नका. तिला एकटीला सोडवेना, एवढंच.

बारा मिनिटांचा रस्ता. मी तिच्या कमरेला धरलं होतं. शर्टाच्या आतून तिची धडधड माझ्या हाताला लागत होती. माझ्या डोळ्यांपुढे तो बिनचेहऱ्याचा माणूस येत होता. एरवी मी त्याला तिचा चेहरा द्यायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, तो कुणाचा तरी नवरा असेल, कुणाचा तरी बाप. आणि त्याच्या मरणाखाली माझ्या मुलीचं नाव असेल.

गेटवर पहारेकऱ्याने दांडी वर केली, तिने स्कूटर तिथेच माझ्या हातात सोडली आणि धावली. मी मागे जाऊ लागले तर तो आडवा आला. "बाई, तुमच्याकडे कार्ड नाही."

"निरोप दिलात का?"

त्याने मान खाली घातली. "कुणी आत गेलंच नाही हो तेवढ्यात."

समोर तीस-चाळीस पावलांवर गोदामाचं मोठं शटर उघडं होतं. आत पांढरे दिवे. शटरच्या आत एक उतार दिसत होता, वरच्या कोठारातून माल चढवायच्या जागेकडे येणारा. त्या उतारावरून एक किडकिडीत माणूस दांडा धरून खाली येत होता. तो पुढे, गाडी मागे. गाडीवर त्याच्या डोक्याहून उंच खोकी. दांड्याला काहीतरी लाल फडफडत होतं.

त्याला पैलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून पैलवान. बावीस वर्षं तिथे काम करतो. तिला पहिल्या दिवशी गोदाम यानेच फिरवून दाखवलं होतं. ती त्याला काका म्हणते.

"काका! दांडा सोडू नका!" ती ओरडली.

आपलं कुणी नाव घेऊन ओरडलं की माणूस काय करतो? त्याने तेच केलं. थांबला, वळला आणि दांडा सोडला.

दांडा तिरकाच राहिला. क्षणभर काही झालं नाही. मग खोक्यांचा तो ढीग सरकू लागला. मला आवाज आला नाही. खरंच येत नाही आवाज. पैलवान मागे सरला, मागे लोखंडी कठडा होता. तो बाजूला उडी मारायला गेला. त्याच वेळी ती बाजूने गाडीवर झेपावली. पेटीवर लाल बटण असतं, ते दाबलं की वीज तुटते आणि ब्रेक आपोआप आवळतो. तिने ते सबंध तळहाताने दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली. वरची दोन खोकी खाली पडली आणि मग पैलवानाची किंकाळी ऐकू आली. त्याचा डावा पाय कठडा आणि गाडी यांच्यात राहिला होता.

मी पहारेकऱ्याला ढकलून आत गेले. त्याने अडवलं नाही.

चार-पाच जण धावत आले आणि गाडीला हात घालू लागले. "कुणी ओढू नका!" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "आधी चाकांना लाकडं लावा. खोकी उतरवा. सात नंबर आणा, पॅलेट तिच्यावर घ्या." लोक तिचं ऐकत होते. ओझं उतरल्यावर सगळ्यांनी मिळून गाडी बाजूला उचलली आणि पाय सुटला. घोट्याखाली तो पाय पायासारखा दिसत नव्हता. पैलवान मात्र घामाने निथळत तिलाच समजावत होता, "चिठ्ठी पाहिली होती गं मी, ब्रेकबाई. पण तुमच्या चिठ्ठ्या दुरुस्ती झाल्यावरही महिना महिना लोंबकळत असतात. वाटलं, जुनी असेल."

"आणि किल्ली?"

"चार नंबरची लावली. कुठलीही लागते की. तुला माहीत नव्हतं?"

सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की आठ महिन्यांत तिला कुणी सांगायचं कारणच पडलं नाही.

मुकादमाने तिला बाजूला घेतलं. "तू बटण दाबलंस म्हणून माणूस वाचला. एवढंच लिही. बाकीचं लिहीत बसू नकोस." ती तिथेच भिंतीला टेकून बसली, कागद मागितला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की बंद केलेल्या गाडीचा प्लग मी काढला नव्हता. मी वरून वाचत होते. त्या कागदाने तिची नोकरी जाईल असं मला वाटलं आणि त्याचं बरंच वाटलं. गेली नाही. आठ दिवस घरी बसवलं, मग परत बोलावलं. प्लगांना लावायला बारीक कुलपं मागवली आहेत म्हणे.

त्या आठ दिवसांत ती नीट जेवली नाही. रस्ता ओलांडताना माझा हात धरायला लागली. तिला जरा भीती वाटावी म्हणून मी वर्षानुवर्षं मनात मागत होते. आता मागितलेलं समोर होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी म्हणाली, "काकांना भेटायला जायचंय. तू ये." पैलवान तिसऱ्या मजल्यावर राहतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. खोलीत एक पलंग, एक शिवणयंत्र, पलंगावर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पैलवान.

"हीच ती!" तो तिथूनच ओरडला. "हिनेच बटण दाबलं. नाहीतर तू आज पेन्शनच्या रांगेत असतीस."

"गप्प बसा हो, काहीतरी अभद्र," बायको म्हणाली. तिने माझ्या मुलीचे दोन्ही हात हातात घेतले. "बस गं. रोज तुझं नाव घेतात."

मला कळलं, ही आता बोलणार. मी तिचं मनगट घट्ट दाबलं. राहू दे, असं मला म्हणायचं होतं. नको सांगूस. ती बाई आपल्याला शिव्या देईल, शाप देईल. आणि तू या जिन्यावरून खाली कशी उतरशील?

"काकू, मी वाचवलं नाही," ती म्हणाली. "ती गाडी चालूच व्हायला नको होती. तिचा प्लग काढायचं काम माझं होतं. मी काढला नाही."

पैलवान छताकडे बघू लागला. त्याला माहीत होतं. त्याने घरी सांगितलं नव्हतं.

बायकोने तिचे हात सोडले. शिवणयंत्राशी जाऊन बसली. चाकावर हात ठेवला, फिरवलं नाही.

"डॉक्टर म्हणतात तीन महिने," ती शेवटी म्हणाली. आवाज कोरडा होता. "मी म्हटलं, सोडा आता ते काम. तर म्हणतात, दुसरं येतं काय मला? म्हणजे परत तिथेच जाणार. त्याच उतारावर."

तिने वळून माझ्या मुलीकडे पाहिलं.

"तेव्हा तू असशील का तिथे?"

मी धाकटीकडे बघत होते. मला 'नाही' ऐकायचं होतं. तिने एकदा पैलवानाच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"असेन," ती म्हणाली.

"मग हे आले की आधी ह्यांची गाडी बघत जा," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.