पठारं तपासणारे मामा

सह्याद्री कोणी बांधला याबद्दल मतभेद असतील, पण त्याचं काम तपासायचा अधिकार माझ्या मामांकडे आहे, याबद्दल निदान जुन्नर-आंबेगावात कोणाला शंका नाही. मामा तळेघरकडचे, पेशाने गवंडी. वर सपाट आणि बाजूंनी कडे तुटलेला डोंगर दिसला, की हे पाणसळ आणि लांब पट्टी घेऊन चढणार. माथ्यावर पट्टी, पट्टीवर पाणसळ. नळीतला फुगा मधोमध थांबला तर ते ‘पठार’, जरा सरकला तर नापास, "नुसतं टेकाड". मग कडा सरळ उभा आहे का बघायला त्याच्या टोकाशी पालथे पडून खाली ओळंबा सोडणार, आणि त्यांचे पाय धरून बसायचं काम माझं. एकदा बेल्ह्याच्या बाजाराला बैल आणायला गेले आणि दिवस मावळता अण्याच्या पठारावरून हात हलवत उतरले. "बैल काय, पुढच्या बाजाराला बी मिळंल," त्यांनी मामीला समजावलं. "आन् पठार काय पळून जात व्हतं?" मामीने विचारलं.

कॉलेजात भूगोल शिकून आल्यावर मी त्यांना ऐटीत सांगितलं, की पुस्तकात अशा डोंगराला ‘मेसा’ म्हणतात. परक्या भाषेत मेसा म्हणजे टेबल. मामा तंबाखू मळत म्हणाले, "टेबलावर नाचणी पिकती का रं?" नाही म्हटलं. "गुरं चरत्यात?" नाही. "मंग पठार म्हण की. तोंड भरून म्हण." माझी पदवी तिथंच निकालात निघाली. पण खरं सांगतो, डोंगराकडे इतक्या जिव्हाळ्याने बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

फक्त घरामागचं पठार त्यांनी कधी तपासलं नाही. "आईला कुनी ओळंबा लावतं व्हय?" म्हणायचे. गेल्या वर्षी गुडघे गेले, डॉक्टरांनी चढण बंद केली, आणि तेच त्यांच्या मनाला लागून राहिलं. जन्मभर लोकांची पठारं नापास केली, घरचं मात्र न बघताच पास! शेवटी मला बोलावून पाणसळ हातात दिली. "जा. खरं काय ते सांग. माझी शपथ हाय."

मी माथ्यावर चार ठिकाणी पट्टी मांडली आणि फोन लावला. "मामा, फुगा सरकतोय. उतार पूर्वेला आहे." खाली अंगणात बाजेवर बसलेले मामा ठिपक्याएवढे दिसत होते. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"चारी ठिकाणी पूर्वेलाच?"

"हो."

"आरं, मंग त्यो ढाळ हाय! स्लॅबला आपण देतो तसा. पाणी साठू नये म्हून दिलेला." खालचा ठिपका बाजेवरून उठून उभा राहिला. "लई मोठा गवंडी, राव." मग हळूच, "म्हंजे मी नापास केली ती पठारं बी बरोबरच व्हती की रं."

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी मामांनी नापास केलेल्या एकेका डोंगरावर जातो. वर पोचून फोन लावला, की फुगा कुठे आहे हे मामा विचारत नाहीत. "सांग त्याला," म्हणतात, "म्हाताऱ्याचं चुकलं म्हनावं." मग मी, भूगोलाचा पदवीधर, आसपास कोणी नाही ना हे बघून, डोंगराला तसं सांगतो. मोठ्याने सांगावं लागतं. मामा ऐकत असतात.